लाल सिग्नल, मुकी डिस्क : साठवणीतल्या चुका सावरण्याचा इतिहास

आज सुरुवात रेल्वे फलाटावरून करतो, कारण या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या आयुष्याची काही वर्षं तिथेच गेली आहेत. डोंबिवलीला उभे आहात, आणि घोषणा होते की सिग्नलमधील बिघाडामुळे गाड्या उशिराने धावत आहेत. आपण चरफडतो. पण त्या वाक्यात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. सिग्नल बिघडला, की तो लाल होतो. हिरवा होत नाही. तार तुटली, वीज गेली, रूळ तडकला, तरी यंत्रणेला शिकवलेलं असतं की शंका आली की थांब. आणि पुढचा नियम तर आणखी सुंदर आहे. स्वयंचलित सिग्नल लाल असेल तर मोटरमनने दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबायचं, आणि मग समोर पाहत, अगदी हळू, पुढचा सिग्नल येईपर्यंत गाडी न्यायची. म्हणजे कायमचं थांबायचं नाही, आणि काही झालंच नाही असं समजून सुसाट जायचंही नाही.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. त्यानंतर हे शहाणपण रेल्वेने अपघातांमधून, माणसांचे जीव गमावून मिळवलं. आज मला ज्या दुसऱ्या ड्रायव्हरविषयी बोलायचं आहे, त्याला हे शिकायला बराच वेळ लागला. हा ड्रायव्हर म्हणजे संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीममधला, डिस्कशी बोलणारा प्रोग्राम. तुम्ही फाइल सेव्ह करता, तेव्हा 'हे अमुक जागी लिही' असा हुकूम डिस्कला देणारा आणि 'लिहिलं' किंवा 'जमलं नाही' हा निरोप परत आणणारा तो दूत. आजचा प्रश्न एवढाच : 'जमलं नाही' असं उत्तर आलं, किंवा उत्तरच आलं नाही, तर या दूताने काय करावं?

तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या मास्तराला ही उठाठेव कशाला? कारण एकदा मी पोळलो आहे. ती गोष्ट आधी सांगतो, मग इतिहासाकडे जाऊ.

साल २००७. भारनियमनाचे दिवस तुम्हाला आठवत असतील. मुंबई बेटावर दिवे लखलखत आणि आपल्याकडे वीज कधी जाईल ते पेपरात छापून येई, आणि तरी त्या वेळेला सोडून भलत्याच वेळी जाई. माझ्या संगणकावर माझ्या गुरुजींच्या न्यायदर्शनावरच्या पाठांची टिपणं होती. सत्तरच्या दशकात वहीत घेतलेली, नंतर स्वतः टंकलेली. टंकून झाल्यावर मूळ वह्या मी रद्दीत दिल्या. हो, हा मूर्खपणा माझाच. दर महिन्याला मात्र मी नेमाने सगळ्याची सीडीवर प्रत काढत असे आणि जुनी सीडी फेकून देत असे. एका पावसाळ्यात संगणक फार मंद झाला. मला वाटलं, म्हातारा झाला, आपल्यासारखाच. दिवाळीत फाइल उघडली तर मधली दोन प्रकरणं म्हणजे नुसती चौकोनांची आणि प्रश्नचिन्हांची रांग. सीडी काढली. तीवरही तेच.

आमच्या सोसायटीतला एक मुलगा पुण्याला साठवणीच्या सॉफ्टवेअरवर काम करायचा, शनिवार-रविवार घरी यायचा. त्याने बसून तपासलं आणि म्हणाला, "काका, तुमची डिस्क चार महिने ओरडतेय. ही बघा नोंदवही." आत खरोखरच एक नोंदवही होती. तिच्यात तारीखवार लिहिलेलं होतं की अमुक जागा वाचता आली नाही, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा केला. इतकंच नाही, तर चुका वाढल्यावर ड्रायव्हरने डिस्कशी बोलण्याचा वेग आपणहून कमी केला होता. म्हणजे ज्याला मी म्हातारपण म्हणत होतो, ती मोटरमनची सावधगिरी होती! मी म्हटलं, "अरे, मग मला सांगितलं का नाही कोणी?" तो हसला. म्हणाला, "काका, तोच तर आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना प्रश्न आहे."

आता इतिहास.

पहिली फिरती चकती असलेली व्यापारी साठवण आयबीएमने १९५६ मध्ये आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनाहून जास्त, आणि त्यात मावायची सुमारे पन्नास लाख अक्षरं. आज खिशातल्या फोनमधला एक फोटोही तेवढी जागा घेतो. त्याच्या आधीच, १९५० मध्ये, बेल प्रयोगशाळेतल्या रिचर्ड हॅमिंगने चूक दुरुस्त करणाऱ्या संकेतांवरचा आपला निबंध छापला होता. त्यामागे त्याचा वैताग होता. शनिवार-रविवारी तो यंत्राला काम लावून जाई. यंत्राला चूक सापडली की ते काम टाकून देई. सोमवारी येऊन पाहावं तर काहीच झालेलं नाही. त्याच्या मनात आलं, की यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर कुठे झाली हे का कळू नये? त्याने मूळ आकड्यांसोबत काही जादा अंक अशा रीतीने ठेवले, की एक अंक बिघडला तर नेमका कोणता ते उलगडावं.

आपल्याला ही कल्पना परकी नाही. वैदिकांनी संहितेसोबत पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ ठेवले. तेच शब्द सुट्टे, जोडीने, उलटसुलट म्हणायचे. अर्थात भर नाही, पण एक स्वर घसरला तर दुसऱ्या पाठात तो उघडा पडतो. जादा पाठ हेच संरक्षण. डिस्कच्या प्रत्येक तुकड्याला आज असे जादा अंक जोडलेले असतात आणि बऱ्याच चुका डिस्कच्या आतच निस्तरल्या जातात.

मग उरलेल्या चुकांचं काय? पहिला, आणि बराच काळ एकमेव उपाय होता : पुन्हा प्रयत्न. वाचता आलं नाही? पुन्हा वाच. धूळ असेल, कंप असेल. बहुतेक वेळा जमून जाई, आणि म्हणूनच ती सवय लागली. जे जमलं त्याची वाच्यता कोण करतो?

दुसरं संकट म्हणजे वीज मधेच जाणं. फाइलमध्ये भर घालायची तर डिस्कवर किमान तीन ठिकाणी लिहावं लागतं : मजकूर, मोकळ्या जागेचा हिशेब, आणि फाइलची वहीखात्यातली नोंद. दोन लिहून झाली आणि वीज गेली, की खातं जुळत नाही. युनिक्समध्ये सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून यासाठी एक तपासनीस प्रोग्राम होता. संगणक पुन्हा सुरू झाला की तो अख्खी डिस्क पहिल्या पानापासून तपासत बसायचा. डिस्क लहान होत्या तोवर ठीक होतं. त्या मोठ्या झाल्या तसे तास लागू लागले. त्यावरचा तोडगा डेटाबेसवाल्यांनी दाखवला होता, आणि आपल्या वाण्यालाही तो ठाऊक होता : आधी रोजकीर्द, मग खतावणी. काय करणार आहोत ते आधी एका ठिकाणी लिहायचं, मग करायचं. वीज गेली तर फक्त रोजकीर्दीचं शेवटचं पान वाचायचं. लिनक्समध्ये ही पद्धत स्टीफन ट्वीडीच्या कामातून आली आणि २००१ च्या अखेरीस एक्स्ट-थ्री या नावाने मूळ गाभ्यात दाखल झाली. भारनियमनाच्या काळात आपल्याकडचे असंख्य संगणक अशा रोजकिर्दीमुळे तरले.

पण एक लक्षात घ्या. रोजकीर्द वीज गेल्यावर सावरते. डिस्क खोटं बोलली तर ती काय करणार?

आता ड्रायव्हरकडे येतो. सर्व्हरच्या स्कझी जातीच्या डिस्कसाठी लिनक्सच्या ड्रायव्हरने एक शिडी तयार केली. हुकमाला ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही, तर आधी तो हुकूम रद्द करून बघायचा. नाही जमलं तर ती एक डिस्क नव्याने सुरू करायची. तरीही नाही, तर ज्या तारेवर ती आहे ती अख्खी तार. तरीही नाही, तर नियंत्रक. आणि शेवटी डिस्कला सेवेतून बाद करायचं. शिडी तर्कशुद्ध आहे, पण प्रत्येक वरच्या पायरीवर निरपराधांची संख्या वाढते. एका आजारी डिस्कसाठी तार झटकली की तिच्यावरच्या निरोगी डिस्कचीही कामं खोळंबतात. एका डब्यात साखळी ओढली तर पूर्ण गाडी थांबते, तसंच.

इथे एक गंमत घडली. गंमत म्हणजे आपल्याला. ज्यांची माहिती गेली त्यांना नाही. लिनक्सचा ड्रायव्हर साधारणपणे तीस सेकंद वाट पाहतो. पण घरगुती वापराच्या स्वस्त डिस्क, एखादी जागा वाचता येईना तर आतल्या आत मिनिटभर, कधी त्याहूनही जास्त वेळ झटत राहतात. घरी एकच डिस्क असते, म्हणून तो हट्ट बरोबरच आहे. मात्र तिसाव्या सेकंदाला ड्रायव्हर समजतो की डिस्क मेली, आणि तिला झटका देऊन नव्याने सुरू करतो. चार डिस्कचा संच असेल तर तिला संचातून काढून टाकलं जातं. डिस्क प्रामाणिक, ड्रायव्हरही प्रामाणिक. दोघंही सावरायलाच धावले आणि दोघांनी मिळून नुकसान केलं. पुढे संचासाठीच्या डिस्कना सुमारे सात सेकंदांत 'जमत नाही' अशी कबुली द्यायला शिकवलं गेलं, कारण संचात दुसरी प्रत हजर असते. वेळेवर मान्य केलेलं अपयश हे उशिराच्या यशापेक्षा कधी कधी मोलाचं असतं.

२००६ मध्ये कोरियाच्या तेजुन हिओने साध्या संगणकांतल्या डिस्कच्या ड्रायव्हरची चूक-हाताळणी नव्याने लिहिली. मी तो कोड वाचणारा नव्हे. पण त्या मुलाने मला त्यातल्या पायऱ्यांची नावं दाखवली आणि मी थक्क झालो. चूक झाली की आधी दार गोठवायचं, म्हणजे नवे हुकूम बंद. मग पहिली पायरी, 'ऑटॉप्सी', शवविच्छेदन : नेमकं काय झालं? दुसरी, 'रिपोर्ट' : ते नोंदव. आणि मग तिसरी, 'रिकव्हर' : आता सावर. निदान, कबुली, सावरणं, याच क्रमाने. चुका वारंवार येत असतील तर तारेवरचा वेग सहावरून तीन गिगाबिट, तीनवरून दीड, असा उतरवत न्यायचा. लाल सिग्नलनंतर हळू जाणारी आपली लोकलच ती.

आता प्रश्न पडतो की सावरणाराच सदोष असेल तर? २००१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्सचा कोड तपासला, तेव्हा ड्रायव्हरमधलं चुकांचं प्रमाण बाकी गाभ्याच्या तीन ते सात पट निघालं. कारण उघड आहे. ड्रायव्हर नाना कंपन्यांच्या नाना यंत्रांसाठी नाना माणसं लिहितात, आणि चूक हाताळणारा भाग तर क्वचितच चालून बघितला जातो, कारण चूक मुद्दाम घडवून आणणं अवघड. वॉशिंग्टन विद्यापीठात मायकेल स्विफ्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ड्रायव्हरला कुंपणात ठेवायची रीत मांडली, आणि २००४ मध्ये त्याला एक 'छाया-ड्रायव्हर' दिला. तो खऱ्या ड्रायव्हरचे हुकूम शांतपणे टिपून ठेवतो. खरा कोसळला तर तो नव्याने सुरू होईपर्यंत त्याच्या जागी उभा राहतो, आणि मग त्याला पूर्वस्थितीवर आणून सोडतो. अॅमस्टरडॅममध्ये अँड्र्यू टॅनेनबॉमच्या मिनिक्स-थ्रीने ड्रायव्हरना गाभ्याबाहेरच काढलं, आणि मेलेल्या ड्रायव्हरला पुन्हा जन्म देणाऱ्या भागाला नाव ठेवलं 'रीइन्कार्नेशन सर्व्हर'. पुनर्जन्म! आपल्याकडचा शब्द, अॅमस्टरडॅममध्ये वापरलेला.

मात्र मला सगळ्यात हादरवलं ते २००८ च्या एका अभ्यासाने. हरयादी गुनावी आणि विस्कॉन्सिनच्या मंडळींनी लिनक्सच्या सगळ्या फाइल सिस्टीम आणि साठवणीचे तीन मोठे ड्रायव्हर घेतले, आणि एकच गोष्ट शोधली : खालच्याने 'चूक झाली' असं सांगितल्यावर वरचा ऐकतो का? १,१५३ ठिकाणी, म्हणजे १३ टक्के ठिकाणी, चुकीचा निरोप कोणी हातातच घेत नव्हतं. निरोप आला आणि जमिनीवर पडला. विचार करा. शिपायाने साहेबाच्या टेबलावर कागद ठेवला, साहेबाने न वाचता सही केली आणि वर पाठवलं, सर्व ठीक. यात लबाडी नाही. फक्त ऐकायची सवय नाही.

याचा कळस २०१८ मध्ये झाला. पोस्टग्रेस हा नावाजलेला डेटाबेस. त्याच्या लोकांच्या लक्षात आलं की आपण वर्षानुवर्षं एका गृहीतकावर जगतोय. डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतो, 'सगळं डिस्कवर उतरलं ना?' उत्तर 'नाही' आलं तर तो थोड्या वेळाने पुन्हा विचारे, आणि 'हो' आलं की निश्चिंत होई. पण लिनक्स काय करत होतं? लिहिणं फसलं की चूक एकदा कळवायची, आणि मग स्मृतीतलं ते पान 'स्वच्छ' समजायचं. दुसऱ्यांदा विचारल्यावर 'बाकी काही नाही' असं उत्तर यायचं, आणि ते अक्षरशः खरंच होतं! मजकूर मात्र कुठेच नव्हता. २०१९ च्या सुरुवातीला पोस्टग्रेसने धोरण बदललं : असा 'नाही' एकदा जरी आला, तर पुन्हा विचारायचं नाही. सगळं काम जागच्या जागी थांबवायचं आणि रोजकिर्दीवरून नव्याने उभं राहायचं. लाल सिग्नल.

इथे माझं शास्त्र मला आठवतं. आपल्याकडे मीमांसक आणि नैयायिक यांचा जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात ज्ञान स्वतःच प्रमाण असतं; कारणात दोष दिसला किंवा बाध आला, तरच ते अप्रमाण ठरवा. नैयायिक म्हणतात, नाही, प्रामाण्य बाहेरून कळतं. लांबून पाणी दिसलं, जवळ गेलात, प्यायलात, तहान भागली, तर ते पाणी. पहिली चाळीस-पन्नास वर्षं साठवणीचं जग मीमांसक होतं. डिस्क म्हणाली 'लिहिलं', म्हणजे लिहिलं. व्यवहार त्यावरच चालतो, आणि मीमांसकांना हसण्याचं कारण नाही. प्रत्येक शब्दावर शंका घेत बसलात तर गाडी सुटणारच नाही.

पण १९८४ मध्ये साल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी एका निबंधात नैयायिकाचाच मुद्दा वेगळ्या भाषेत मांडला : मधल्या टप्प्यांनी कितीही काळजी घेतली, तरी शेवटची खात्री दोन टोकांनाच करावी लागते. सन कंपनीच्या झेडएफएसने २००५ मध्ये ते प्रत्यक्षात आणलं. प्रत्येक तुकड्याची बेरीज-खूण त्या तुकड्यासोबत न ठेवता, त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या तुकड्यात ठेवली. साक्षीदाराने स्वतःच स्वतःच्या खरेपणाचा दाखला द्यायचा नाही. मग लगेच प्रश्न येतो, वरच्याची खूण कोण तपासणार? त्याच्याही वरचा. आमच्या शास्त्रात याला अनवस्था म्हणतात. झेडएफएसने ती व्यवहाराने सोडवली : साखळी मुळापर्यंत जाते, आणि मुळाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या असतात.

नुसत्या दोन प्रती का पुरत नाहीत, हे मी माझ्या टिपणांवरून शिकलो. त्यांच्याकडे परत येतो. दोन प्रकरणं गेली होती. मी जुने सहाध्यायी शोधले. एक कल्याणला, एक उल्हासनगरला, एक बदलापूरला. बदलापूरकराची वही २६ जुलै २००५ च्या पुरात गेली होती. उरल्या दोन. त्या समोरासमोर ठेवल्या, तर जागोजागी वेगळ्या! गुरुजी कोणता दृष्टांत देत होते, इथपासून मतभेद. दोन साक्षीदार भांडू लागले की बहुमत कसलं घेणार? आरशासारख्या दोन डिस्क ठेवणाऱ्यांची नेमकी हीच अडचण. दोन्ही 'मी बरोबर' म्हणतात.

त्या वेळी मला पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवली. १९१९ मध्ये सुरू झालेलं ते काम १९६६ मध्ये पुरं झालं, १,२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. विष्णु सीताराम सुखठणकर मूळचे केंब्रिजचे गणिती, १९२५ पासून त्यांचे प्रमुख संपादक. त्यांनी पोथ्यांची नुसती मोजणी केली नाही. कोणती पोथी कोणत्या घराण्यातली, कोणती कोणावरून उतरवली, हे पाहून साक्ष तोलली, कारण एकाच चुकीच्या पोथीच्या पन्नास नकला म्हणजे पन्नास साक्षीदार नव्हेत. माझ्या सीड्या आठवा : बिघडलेल्या फाइलची दरमहा नवी नक्कल! आणि दुसरी गोष्ट, माझ्या मते जास्त मोठी. त्यांनी न स्वीकारलेले पाठ फेकले नाहीत. वर निवडलेली संहिता, खाली पाठभेद. उद्याच्या वाचकाला संपादकाची चूक पकडता यावी म्हणून सगळा पुरावा तळाशी ठेवला.

मीही तसंच केलं. दोन वह्यांवरून प्रकरणं उभी केली, आणि जिथे जुळलं नाही तिथे दोन्ही पाठ ठेवले. चार जागा आजही मोकळ्या आहेत. त्या मी स्मरणाने भरू शकलो असतो. वाचणाऱ्याला कळलंही नसतं. पण मग मीही तोच दूत झालो असतो, जो हरवलेल्या पानाला 'स्वच्छ' म्हणतो.

तर या सत्तर वर्षांच्या इतिहासातून मला दिसतं ते असं. सावरण्याची तंत्रं सुधारली : पुन्हा प्रयत्न, जादा अंक, रोजकीर्द, शिडी, छाया. पण खरी सुधारणा दर वेळी तेव्हा झाली, जेव्हा कोणीतरी चुकीचा निरोप वरपर्यंत पोचवायची व्यवस्था केली. जी व्यवस्था गुपचूप सावरते, ती आपल्याला सोयीची वाटते, आणि चार महिन्यांनी आपली सीडीही बिघडलेली निघते. आज आपले जन्मदाखले, सातबारा, घरपट्टी, आईवडिलांचे फोटो, सगळं अशाच चकत्यांवर आणि चिप्सवर आहे. म्हणून घरी गेल्यावर दोन कामं करा. संगणकाची ती नोंदवही उघडायला घरातल्या मुलाकडून शिकून घ्या. आणि नवी प्रत काढलीत, तरी जुनी एक राहू द्या. नवीतून फाइल उघडून स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय जुनी टाकू नका.

आणि परतताना गाडी लाल सिग्नलला थांबली, तर आज एक मिनिट चरफडू नका. कोणीतरी चूक लपवली नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.